तपकिरी आणि जांभळ्याच्या मधे

लोहार कोळसा आणायला गेला, त्या दिवशी भट्टी लोहारणीनेच पेटवली. कापणी पाच-सहा दिवसांवर आली होती. दाराशी विळ्यांचा ढीग पडला होता, आणि प्रत्येक विळ्याचा मालक आपलाच विळा आधी व्हावा म्हणून रोज एक चक्कर मारून जात होता. सासू भात्यापाशी बसली होती. डोळ्यांना कमी दिसायचं, गुडघे साथ देत नव्हते, पण भाता ओढायला बसली की म्हातारीचा हात घड्याळासारखा चालायचा.

अजून नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा शिडी आला. शिडी हे अर्थात त्याचं नाव नव्हे. रानाच्या कडेला त्याची फळबाग होती आणि वरच्या फांदीचं फळ तो पाय न उचलता काढायचा, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणायचे. तोंडावर मात्र बागवाले.

दारातून वाकून तो आत आला आणि ऐरणीवर कोयता ठेवला.

"लोहार कुठाय?"

"कोळशाला गेलेत. दुपार होईल."

"मला आत्ता पाहिजे. वेली तोडत होतो, लोखंडी खांबावर बसला. धार गेली बघ."

लोहारणीने कोयता उचलला. धारेत अंगठ्याच्या नखाएवढी खाच पडली होती. मुठीकडे काळपट, चिकट काहीतरी होतं.

"हे काय लागलंय?"

"कुत्रं आडवं आलं मधेच."

"मेलं?"

"पळालं. तू धारेचं बघ ना." त्याने घाम पुसला. पहाटेच्या गारव्यात त्याला घाम आला होता, हे तिच्या लक्षात आलं आणि निघूनही गेलं. विळ्यांचा ढीग समोर असताना लोकांच्या घामाकडे कोण बघत बसतो? "मूठही हलते. नवी बसव."

"घासून, ठोकून ठेवते. पण पाणी तेच आल्यावर देतील."

"का? तुला येत नाही?"

"पाणी त्यांचंच काम आहे."

हे खरंच होतं. लग्न होऊन आली त्याला अठरा वर्षं झाली होती. लोहार सांडशीत लोखंड धरायचा, ती घण मारायची. तो छोट्या हातोडीने जिथे टिचकी मारायचा तिथेच तिचा घण पडायचा, अर्धं बोट इकडेतिकडे नाही. पण शेवटचं काम, पात्याला पाणी देणं, म्हणजे तापवून बुडवणं आणि हवं तेवढं कडक करणं, ते त्याच्या एकट्याचं. त्या वेळी तो सगळ्यांकडे पाठ करून उभा राहायचा. अठरा वर्षं तिने ती पाठ पाहिली होती, आणि पाठीच्या बाजूने जेवढं दिसेल तेवढं पातंही.

शिडी गेल्यावर तिने रोजच्यासारखंच केलं. कोणतंही हत्यार आलं की आधी तारेच्या ब्रशने खरवडायचं, कारण लागलेली घाण भट्टीत गेली की वास सुटतो आणि विस्तव खराब होतो. तिने ब्रश मारला. चिकट काळं निघालं, त्याबरोबर हिरवा एक तंतू. वेलीचा असेल. मूठ ठोकून काढली आणि विस्तवात टाकली. जुन्या मुठी भट्टीतच जातात. मग पातं निखाऱ्यात खुपसलं. म्हातारीने सांडशी धरली, लोहारणीने खाच ठोकून बुजवली, पुन्हा धार ओढली आणि पातं राखेत निवायला ठेवून दिलं.

सगळं मिळून एका विळ्याला लागतो त्याहून फार वेळ लागला नाही.

दूध घालणारी दुपारी आली ती रिकामी किटली आणि भरलेलं तोंड घेऊनच.

"कळलं का? रानाचा राखणदार मारला."

भाता थांबला. "मेला?" म्हातारीने विचारलं.

"अजून नाही. बागेच्या कुंपणापाशी पडला होता, पहाटे. दंडावर वार, डोक्यावर वार. बागेचे खांब रानात दोन हात सरकवलेत म्हणून तो पंधरा दिवस बागवाल्याशी भांडत होता ना. हिरवा स्वेटर होता अंगात, तो नुसता रक्तात भिजलेला. दवाखान्यात नेलाय, बोलत नाही."

ती पुढच्या घरी गेली. बातमी तापलेली असतानाच पोहोचवायला हवी होती.

लोहारणीने ब्रशकडे पाहिलं. खिळ्याला टांगलेला होता. तारांच्या मुळाशी तो हिरवा तंतू अडकला होता. वेलीचा नव्हता. लोकर होती ती.

"आई," ती म्हणाली.

"मला काही दिसत नाही," म्हातारी म्हणाली. "मी आंधळी आहे."

"आई, तो कोयता..."

"जसा आहे तसा देऊन टाक त्याला. आपल्या छपराखाली नको."

लोहारणीने राखेतून पातं काढलं. निवलं होतं. सरळ, देखणं पातं. खाच कुठे होती ते बोटालाही कळेना. जसं आहे तसं द्यायचं म्हणजे मऊ द्यायचं. मऊ पातं चार घावांत वळतं. असं अर्धं काम या भट्टीतून कधी बाहेर गेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर यातलं काहीच ती त्या वेळी नीट विचार करून ठरवत नव्हती. हातांचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. हात सांडशीकडे गेले.

"भाता मारा, आई."

"काय करतेस?"

"मारा."

झडप ओढून तिने अंधार केला. पातं तापत तापत पिकल्या भोपळ्याच्या रंगावर आलं. काढून धार पाण्यात बुडवली, तीन श्वास, बाहेर. विटेच्या तुकड्याने झरझर घासून पांढरी केली. मग वाट बघायची. पात्याच्या पाठीत उरलेली ऊब धारेकडे सरकायला लागते आणि पांढऱ्या लोखंडावर रंग धावतात: आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळ्यावर थांबलात तर पातं काचेसारखं तुटतं. निळ्यापर्यंत गेलात तर वळतं. कोयत्याला हवं तपकिरी आणि जांभळ्याच्या मधलं, आणि ते मधलं पापणी लवेपर्यंतच असतं.

तिची पापणी लवली नाही. पातं पाण्यात गेलं.

तिने कानस लावून पाहिली. कानस धारेवरून सणकन घसरली, कुठे चावली नाही. तिच्या अंगावर काटा आला, आणि तो कशाचा होता हे तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

अर्ध्या तासाने शिडी आला, कोयता घेऊन गेला. तिने नवी मूठ बसवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. बरोबर एक शिपाई, त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला कोयता. लोहार ऐरणीशी होता. बोलायच्या बाबतीत तो कंजूष माणूस होता. एकेक शब्द असा काढायचा, जणू प्रत्येकाला वेगळी धार लावून द्यायची आहे. रात्री कोळसा घेऊन परतल्यावर बायकोने त्याला सगळं सांगितलं होतं. त्यावर तो एवढंच म्हणाला होता, "झोप आता."

"बागवाला म्हणतो कोयता तुमच्याकडे होता," फौजदार म्हणाला. "यावर रक्ताचा ठिपका नाही. मूठ कोरी. पातं भट्टीतून निघालेलं. हे कोणी केलं?"

लोहारणीने तोंड उघडलं. लोहाराने तिच्याकडे पाहिलं. तिचा घण वर असताना, तो खाली येऊ नये म्हणून तिला थांबवायला तो असंच बघायचा.

"मी," तो म्हणाला.

"कधी?"

लोहार गप्प.

"कोणी आणून दिला? कोणत्या दिवशी?"

गप्प.

"गुन्ह्यातला पुरावा जाणूनबुजून नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, माहीत आहे ना? राखणदार जगला तर एक भानगड, मेला तर दुसरी. तो मेला की तुझंही कलम जड होणार."

"हत्यार आलं की भट्टीत जातं," लोहार म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

त्याला घेऊन गेले. जाताना त्याने कमरेचं चामडं सोडून खुंटीला नीट अडकवलं, आणि भट्टी विझू देऊ नका असं हातानेच सांगितलं.

पुढचे चार दिवस भट्टी विझली नाही. म्हातारी सांडशी धरायची आणि सून ठोकायची. भाता पायाने ओढता यावा म्हणून त्याला दोरी बांधून घेतली. म्हातारीची मनगटं संध्याकाळपर्यंत सुजायची. तिला दिसत नसल्यामुळे हातोडीची टिचकी कुठे मारायची ते लोहारीणच ओरडून सांगायची, आणि म्हातारी म्हणायची, "कानाने बहिरी नाही मी, फक्त आंधळी आहे. आणि तेही माझ्या सोयीने."

गिऱ्हाइकं मात्र ढिगातून आपापले विळे उचलून न्यायला लागली. तोंडावर कोणी काही बोललं नाही. एकाने सांगितलं, मेव्हण्याकडे धारेची सहाण आहे. दुसरा म्हणाला, यंदा पीकच कमी आहे. तिसरी बाई नुसतीच आली, विळा शोधला, फडक्यात गुंडाळला, जाताना मात्र दोन बोटांनी धरला, जणू त्याला काही लागलं आहे. ढीग कमी होत गेला. हातांना काम आहे तोवर ठीक होतं. ढिगाकडे पाहिलं की लोहारीण उरलेले विळे मोजायची.

ब्रशला तिने हात लावला नाही. विळे ती चिंधीने पुसत होती.

"नवीन पद्धत?" म्हातारीने विचारलं.

"हो."

"बरं. मला काय दिसतंय?"

तिसऱ्या दिवशी ती कोर्टाच्या आवारात गेली. सरकारने नेमून दिलेली वकीलबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. वय असेल पंचविशीचं, बुटाची नाडी सुटलेली, मांडीवर कागद. लोहारणीने तिला सगळं सांगितलं, ब्रशसकट. वकीलबाईने नाडी बांधता बांधता सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी नाडी तशीच सोडून दिली.

"म्हणजे ते घरी नव्हतेच?"

"कोळशाच्या भट्टीवर होते. तिथला माणूस सांगेल."

"मग मी केलं असं का म्हणाले?" विचारून झाल्यावर तिचं तिलाच उत्तर कळलं. ती जरा वेळ कागद सारखे करत बसली. "बरं, ऐका. कायद्यात नुसती कृती पुरत नाही. हाताने काय केलं ते एक, आणि करताना मनात काय होतं ते दुसरं. दोन्ही एकाच वेळी असावी लागतात. तुम्ही कोयता विस्तवात घातला, रक्त जळलं, मूठ जळली, ही झाली कृती. त्या वेळी ते माणसाचं रक्त आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"मग गुन्हा नाही. फार तर कोणी म्हणेल बघायला हवं होतं. तो निष्काळजीपणा. ते वेगळं."

"आणि नंतर कळलं तर?"

"नंतर कळल्याने आधीची कृती गुन्हा होत नाही."

"नंतर कळल्यावर मी पाणी दिलं."

वकीलबाईने मान वर केली. "कोणाला?"

"पात्याला." आणि मग पाणी देणं म्हणजे काय ते तिने समजावून सांगितलं.

वकीलबाईने मांडीवरच्या कागदावर काहीतरी खोडलं. "तोवर पात्यावर काही उरलं होतं?"

"काही नाही. धुतल्या तांदळासारखं होतं."

"मग त्यात नष्ट झालं असं काही नाही. पण," ती आवाज खाली आणून म्हणाली, "माहीत असताना गुन्हेगाराचं हत्यार नीट करून त्याच्या हातात दिलंत. कोणी वाकडं बघायचं ठरवलं तर याच्यात बघता येईल. तेव्हा विचारलं तेवढंच सांगायचं. पाण्याबद्दल विचारलं तर गप्प बसायचं. तो तुमचा हक्क आहे. स्वतःविरुद्ध बोलायला तुम्हाला कोणी भाग पाडू शकत नाही."

"ते गप्प बसलेत म्हणून आत आहेत."

"ते खोटं बोलून मग गप्प बसलेत. फरक आहे."

घरी आल्यावर तिने हे म्हातारीला सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मनात काय होतं ते त्यांना कसं दिसणार? आणि दिसत असेल तर माझ्यासारख्या किती बायका आत जातील."

चौथ्या दिवशी शिडी आला. तो जामिनावर बाहेर होता. कोयत्यावर काही सापडलं नव्हतं, राखणदार अजून बोलत नव्हता, आणि संशयावर माणसाला किती दिवस ठेवणार? तो वाकून आत आला आणि लोहाराच्या जागेवरच बसला.

"लोहाराचं वाईट वाटतं मला," तो म्हणाला. "त्याला जामीन राहायला कोणी तयार नाही म्हणे. मी राहतो. उद्याच बाहेर काढतो."

लोहारणीने घण खाली ठेवला. "आणि?"

"आणि काय? एक साधी गोष्ट. कोयता मी आदल्या दिवशी दिला होता, एवढं फक्त सांग. आदल्या दिवसापासून तुमच्याकडेच होता. म्हणजे पहाटे माझ्या हातात काही नव्हतं, आणि रक्त नव्हतंच तर तुम्ही पुसलं काय? दोघंही मोकळे."

"राखणदाराला मग कोणी मारलं?"

"रान आहे. रानात काय काय असतं." त्याच्या बुटाला चिखल वाळला होता. बोलता बोलता त्याने हात वर केला, न उठता खिळ्यावरचा ब्रश काढला आणि बुटाचा चिखल खरवडायला लागला.

भाता थांबला. म्हातारीला काही दिसत नव्हतं, पण तारांचा आवाज ती ओळखत होती.

लोहारणीने घासणाऱ्या तारांकडे पाहिलं. ओरडावं तर त्याला कळेल. गप्प राहावं तर तो घासतोय. ती पुढे झाली आणि ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला, पोराच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा.

"तो भट्टीचा आहे, बागवाले. चिखल लागला की तारा गंजतात. बुटाला बाहेर दगड आहे."

शिडी तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. "लोहाराची बायको शोभतेस. विचार कर. उद्या सकाळी येतो."

तो गेल्यावर तिने ब्रश उजेडात धरला. एका बाजूच्या तारांत ओला चिखल भरला होता. दुसऱ्या बाजूला, मुळाशी, वाळलेलं काळं तसंच होतं. हिरवी लोकर तशीच होती.

"आहे का?" म्हातारीने विचारलं.

"आहे."

"मग उद्याची वाट कशाला बघतेस?"

वाटेत कोर्टातून वकीलबाईला बरोबर घेऊन ती ठाण्यात गेली. फौजदाराने ब्रश कागदावर ठेवून घेतला, भिंगाने बघितला, शिपायाला पाकीट आणायला सांगितलं. पण लोहारीण बोलायला लागली तसा त्याचा चेहरा बदलत गेला. तिचं सगळं ऐकून झाल्यावर त्याने खुर्ची मागे सरकवली.

"ब्रश ठीक आहे. तो तपासायला जाईल. पण बाकीचं मला पटत नाही. पात्याला पाणी दिलेलं आहे, आणि ते उत्तम दिलेलं आहे, असं आमच्या माणसाने लिहून दिलंय. पाणी लोहार देतो. बाईचं काम नाही ते. तुम्ही नवऱ्याला सोडवायला सगळं अंगावर घेताय. त्याने तुमच्यासाठी घेतलं, तुम्ही त्याच्यासाठी. मी कोणाचं ऐकू?"

"माझं," ती म्हणाली. "मी करून दाखवते."

वकीलबाईने तिच्या कोपराला हात लावला. "जमलं नाही तर तुमचा सगळाच जबाब खोटा ठरेल," ती कुजबुजली. "आधी किती वेळा केलंय?"

"एकदा."

वकीलबाईने डोळे मिटून घेतले.

दुपारी सगळे भट्टीवर आले. फौजदार, शिपाई, वकीलबाई, आणि पंच म्हणून दोन गिऱ्हाइकं: एक तो मेव्हण्याच्या सहाणेवाला. लोहारालाही आणलं होतं. चार दिवसांत त्याची दाढी वाढली होती. त्याने आधी भट्टीकडे पाहिलं, मग आईच्या मनगटांकडे, मग बायकोकडे. "घरात जा," तो म्हणाला.

"तू बोलायचं नाहीस," फौजदार म्हणाला.

"न बोलणं त्याला काही अवघड नाही," म्हातारी भात्यापाशी बसून म्हणाली.

फौजदाराने कोपऱ्यातून स्वतः एक जुना कोयता निवडला, म्हणजे आधीपासून तयार ठेवलेला असायला नको. तिने तो तापवला, राखेत मऊ केला, ठोकून धार ओढली. मग पुन्हा निखाऱ्यात घातला.

"झडप लावा," ती म्हणाली. "उजेडात रंग कळत नाही."

शिपायाने झडप लावली. अंधारात माणसं नुसती श्वासांनी उरली. भाता, निखारे, भाता. एका पंचाने पुढे वाकून बघितलं तशी तिने त्याला कोपराने मागे सारलं. "तुमची सावली येते." हात तिच्यापासून वेगळे, कुठेतरी पुढे काम करत होते.

पातं रंगावर आलं. पाणी. तीन श्वास. बाहेर. विटेने घासलं. पिवळा आला, तुकड्यातुकड्याने, टोकाकडे लवकर आणि मुठीकडे उशिरा. टोक पातळ होतं. तिथे जांभळा आधी धावणार हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने टोकाला ओली चिंधी टेकवून ते गार केलं. मागे लोहाराचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला. तपकिरी. मुठीकडेही तपकिरी. कडेला जांभळ्याची केसाएवढी रेघ.

बुडवलं.

झडप उघडली. उजेडात सगळे डोळे चोळत होते. तिने कानस फौजदाराच्या हातात दिली. त्याने धारेवर दाबून ओढली. सणकन घसरली. टोकाकडे ओढली, मधे ओढली, मुठीकडे ओढली. मग पातं ऐरणीवर आडवं आपटलं. तुटलं नाही, वळलं नाही.

"लिही," फौजदार शिपायाला म्हणाला, आणि त्याचा आवाज थोडा नाराज होता. मग तिच्याकडे वळला. "कोयता भट्टीत घातलात तेव्हा राखणदाराचं माहीत होतं?"

"नाही. बातमी दुपारी आली. दूधवालीला विचारा."

"आणि पाणी दिलंत ते?"

वकीलबाईने खाकरून घसा साफ केला. लोहारणीने ते खाकरणं ऐकलं.

"बातमीनंतर," ती म्हणाली. "तेव्हा माहीत होतं."

"मग का दिलंत?"

फौजदाराने जरा वाट पाहिली, शिपायाला काहीतरी सांगितलं, शिपायाने लिहिलं. कागद तिच्यापुढे सहीला आला. तिला वाचता यायचं, बोट ठेवून, सावकाश. ती एका ओळीवर थांबली.

"हे 'भीतीपोटी' कोणी लिहिलं?"

"मी सांगितलं. बागवाला दांडगा माणूस, तुम्ही घाबरून काम करून दिलंत. तुमच्याच फायद्याचं आहे, बाई. सही करा."

"मी घाबरले होते. पण पाणी त्यामुळे नाही दिलं. ते खोडा."

"अहो," वकीलबाई म्हणाली, "राहू द्या ना."

"खोडा."

"मग काय लिहू?" फौजदाराने विचारलं.

"पातं तयार होतं. हातांना करून बघायचं होतं." ती खाली बघत म्हणाली. "अठरा वर्षं नुसतं बघितलं होतं."

शिपायाने फौजदाराकडे पाहिलं. फौजदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "याला काही कलम नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, "ती म्हणते तसं लिही."

तिने सही केली. शिडीला संध्याकाळी घेऊन आले. तो वाकायला विसरला आणि ठाण्याच्या चौकटीला कपाळ आपटलं, असं शिपाई सांगत होता. राखणदाराने त्याच आठवड्यात डोळे उघडले. त्याचा उजवा हात मात्र गेला तो गेलाच. लोहारणीला साक्षीदार म्हणून बोलावणं येणार होतं. आणखी कशाला बोलावतील का, ते वकीलबाईला नक्की सांगता येत नव्हतं. "पाण्याचं तुम्ही बोलला नसतात तर सांगता आलं असतं," ती म्हणाली. पण जाताना तिने लोहारणीचा हात धरला तो लवकर सोडला नाही.

लोहाराला दुसऱ्या दिवशी सोडलं. "खोटा जबाब देणं हाही गुन्हा आहे, माहीत आहे?" फौजदाराने दारात विचारलं.

"आता माहीत झालं," लोहार म्हणाला.

दोघं चालत निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी चालू झाली होती; माणसं वाकलेली, पाठी एका रांगेत. कोणी वर पाहिलं, कोणी पाहिलं नाही. अर्ध्या वाटेवर, वळणाशी लोहार म्हणाला, "टोक चिंधीने गार केलंस."

"हो."

"मी असं नाही करत."

"तुमचं टोक कधी कधी निळं जातं."

तो चालत राहिला. दहाबारा पावलं गेल्यावर त्याने विचारलं, "त्याच्या कोयत्याचं कसं बसलं होतं? पहिलं?"

तिला राखणदाराचा हात आठवला, दूधवालीने सांगितलेला स्वेटर आठवला. तो कोयता आता कुठल्यातरी कपाटात, पाकिटात, लाखेच्या शिक्क्याखाली पडला होता, आणि कितीतरी वर्षं पडून राहणार होता, एकही घाव न घालता.

"चांगलं बसलं होतं," ती म्हणाली.

लोहाराने मान हलवली. घरी पोहोचल्यावर त्याने खुंटीवरचं चामडं काढलं, हातात तोलून पाहिलं, आणि तिच्यापुढे धरलं. मग वाकून तिचा घण उचलला.